दुसरीकडे स्वीकृत

व्हर्ना टिलमन रविवारी गेली. हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं, आम्हीही तसंच समजतोय.

ओहायोतल्या आमच्या कवितेच्या त्रैमासिकाची ती संपादक, स्वतःही कवयित्री. कार्यालय म्हणजे तिचं स्वयंपाकघर आणि मी तिचा सहायक. सोमवारी नेहमीसारखा गेलो. तिचा नवरा ड्वेन दोन कप कॉफी भरून बसला होता.

"आज उशीर झाला बाईंना," मी म्हणालो.

"तूच बोल तिला. माझं कधी ऐकलंय?"

तिचा नियम एकच होता. कविता दोन मासिकांना खुशाल पाठवा, पण दुसरीकडे घेतली गेली तर आम्हाला लगेच कळवा. न कळवणाऱ्या कवींवर ती महिनाभर फुगून बसायची.

"आणि स्वतः?" ड्वेन म्हणाला. "एका शब्दानं कळवलं नाही बयेनं!" मग तिचा कप जवळ ओढून तो रडला.

मी कार्यालयाचा कागद घेतला.

"लिही, चष्मा इथंच राहिलाय तिचा," ड्वेन म्हणाला.

'महोदय, श्रीमती टिलमन आपण स्वीकारल्याचं समजलं. त्यांच्यावर आमचा हक्क आधीचा आहे. त्यांचा चष्माही इथेच आहे. तरी आपली स्वीकृती रद्द करून त्यांना येत्या सोमवारपर्यंत परत पाठवावं, ही विनंती. नक्कल चालणार नाही.'