हिंटरएगचा काचेचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी स्कीची जोडी आहे. बर्फावरून घसरत जायच्या दोन लांब लाकडी फळ्या म्हणजे मी. दोन असूनही मी स्वतःला 'मी'च म्हणते, कारण एकटी फळी कुणाच्याच कामाची नसते. सध्या ऑस्ट्रियातल्या डोंगराळ टिरोलमधल्या एका खाणावळीच्या भिंतीवर मला फुलीसारखे टांगले आहे. येणारेजाणारे माझे फोटो काढतात. मी कुणाची, कुठे कुठे गेले, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती, तेव्हा माझा जन्म झाला. फायटस नावाच्या सुताराने मला घडवले. एरवी तो गाड्यांची चाके करी. चाकांसाठी ठेवलेल्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडातून त्याने दोन सरळ फळ्या काढल्या, त्यांचे शेंडे उकळत्या पाण्यात ठेवून वाकवले आणि महिनाभर शिकंज्यात अडकवून ठेवले. मग माझ्या कडांना त्याने पोलादाच्या पट्ट्या बसवल्या. अखंड पट्टी नव्हे, वीतभर लांबीचे तुकडे. एकेक तुकडा बारीक स्क्रूंनी ठाकठीक बसवला. ते काम चार दिवस चालले. मला कंटाळा आला होता, त्याला नाही.

"मऊ बर्फावर कुणीही मिरवेल," पट्टीवरून अंगठा फिरवत तो स्वतःशीच म्हणाला, "काचेवर मात्र धारच तारते."

आमच्या दरीत कडक, गुळगुळीत बर्फाला 'काच' म्हणतात. थोडे ऊन पडते, वरचा बर्फ वितळतो, आणि सूर्य डोंगराआड गेला की त्याचीच काच होते. तिच्यावरून पाय सुटला की माणूस कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

फायटसने मला नोटबुर्गासाठी घडवले होते. ती दरीतली सुईण. वय त्रेचाळीस, बांधा ठेंगणा आणि भक्कम, जिभेला हाड नाही. डोंगरावरच्या शेतघरांत बाळंतपण निघाले की ती गुडघाभर बर्फातून तीन तीन तास चालत जाई. एका हिवाळ्यात ती पोहोचली तेव्हा बाळ आधीच आले होते आणि नाळ सासऱ्याने मेंढ्या कातरायच्या कात्रीने कापली होती. त्या दिवशी तिने ठरवले, स्की शिकायची.

फायटसनेच तिला शिकवले. मऊ बर्फावर ती आठवड्यात तयार झाली. काचेवर नेले तेव्हा मात्र पहिल्याच वळणाला बुडावर आपटली. दुसऱ्याला पुन्हा. तिसऱ्याला तर वीस हात घसरत जाऊन कुंपणाला धडकली.

"अगं, डोंगराला मिठी कशाला मारतेस?" फायटस वरून ओरडला.

"मग काय दरीत उडी घेऊ, फायटसदादा?"

"हो, तसंच! अंग दरीकडे, गुडघे डोंगराकडे. सगळा भार खालच्या पायावर दे. भिऊन मागं झुकलीस की संपलीस."

"सांगायला काय जातंय तुमचं! बूड माझं फुटतंय."

तो खरेच सांगत होता, मित्रांनो. भीती वाटली की माणूस आपोआप डोंगराकडे कलतो. मग माझ्या कडांवरचा भार जातो, आणि भार गेला की माझी पकड सुटते. नोटबुर्गाला हे डोक्याने लगेच कळले. गुडघ्यांना कळायला दोन हिवाळे लागले. पण ती रोज जाई. पडली तर शिवी हासडून उठे आणि पुन्हा त्याच जागी चढून तेच वळण घेई.

मग माझे सुखाचे दिवस आले. सुईण वाऱ्यासारखी येते, असे लोक म्हणू लागले. कौतुकाने तीही थोडी सैलावली, हे मला सांगितलेच पाहिजे. तिसऱ्या हिवाळ्यात कामे एकामागून एक आली. घरी आली की ती मला ओलीच पडवीत टाकून झोपे. माझ्या कडांवर तांबडा गंज चढला, धार बोथट झाली. मला बोलता येत नाही, नाहीतर ओरडून सांगितले असते.

एका सकाळी चर्चच्या मागच्या उतारावर साधीशी काच होती. तिने बरोबर भार दिला, अंग बरोबर झुकवले, काही चुकले नाही. चुकले माझ्याकडून. माझी बोथट कड बर्फात रुतलीच नाही. ती पडली आणि तिचे मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता. त्या काळात दोन बाळंतपणे तिच्यावाचून झाली. एक सुखरूप पार पडले. दुसऱ्याबद्दल ती कधीच बोलली नाही.

फायटस तिला भेटायला आला. त्याने मला उचलून कडांवर नख घासून पाहिले.

"नखाचा कीस निघाला पाहिजे," एवढेच तो म्हणाला. मग खिशातून एक कानस काढून टेबलावर ठेवली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. तो रागावून दोन शब्द बोलला असता तर बरे झाले असते, असे ती नंतर शेजारणीला सांगत होती.

तेव्हापासून ती घरी आली की आधी मला पुसे, कडांवर कानस फिरवे आणि मगच बूट काढी.

आता त्या दिवसाचे सांगते. फेब्रुवारी महिना होता. दोन दिवस दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता, बर्फावर पाऊस पडला होता. तिसऱ्या पहाटे कडाक्याची थंडी आली आणि अख्खा डोंगर काचेचा झाला. सकाळी आठच्या सुमारास हिंटरएगचा ब्लासिउस दारात आला. हिंटरएग म्हणजे वरच्या अंगाचे शेवटचे शेतघर. त्याने बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले होते, तरी त्याचे दोन्ही गुडघे सोललेले होते.

"बाई, बायकोला, वाल्बुर्गाला कळा सुरू झाल्यात. पहाटेच पाणी गेलं."

"अजून तीन आठवडे होते रे!"

"ते पोराला कुठं ठाऊक?"

"वाट?"

"वाट नाही राहिली. वरून बर्फाचा कडा कोसळला, सगळी वाहून नेली. कुरणाच्या उतारावरूनच जायचं."

तिने तेच खिळ्यांचे पट्टे बांधले, मला खांद्यावर घेतले आणि ते चढू लागले. पोहोचायला दोन तास लागले. तिने मला भिंतीला टेकवले आणि आत गेली. लाकडी भिंतीतून मला सगळे ऐकू येत होते. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग वाल्बुर्गाचे कण्हणे.

"बाळ आडवं आहे," शेवटी ती म्हणाली. "दोनदा फिरवून पाहिलं, फिरत नाही. इथं माझ्या हातून व्हायचं नाही. दवाखान्यात न्यायला हवं."

"या काचेवरून?" ब्लासिउसचा आवाज फुटला. "बाई, उभं राहता येत नाही तिथं!"

"मला येतं. गवत ओढायची घसरगाडी काढ. गादी घाल, दोर घे. तू मागून दोर धरायचास. पुढं मी."

"पण गाडी अंगावर आली तर..."

"तर मी आधी मरेन, तुला रडायला वेळ मिळेल. काढ गाडी!"

त्या घसरगाडीला पुढे बैलाच्या शिंगांसारखी दोन लाकडी टोके होती. नोटबुर्गा त्या दोन शिंगांमध्ये उभी राहिली, मला पायांत अडकवले आणि उताराला आडवे केले. वाल्बुर्गा गाडीवर कांबळ्यांत बांधलेली होती. पंचवीस वर्षांची, चेहरा पांढराफटक.

"सुईणबाई, न्यायला निघालात की पुरायला?" तिने विचारले.

"तुझी जीभ शाबूत आहे म्हणजे तूही शाबूत आहेस, पोरी. आडवी राहा."

आम्ही निघालो. सरळ खाली जायचे नव्हते. मला आडवे धरून, कडा किंचित सैल करून, खरवडत खरवडत एकेक हात खाली सरकायचे. कडा जास्त सैल केल्या तर गाडी ढकलत नेणार, एकदम घट्ट केल्या तर गाडी पाठीवर आदळणार. तिचे गुडघे कधी केसभर इकडे तर कधी केसभर तिकडे होत होते. माझ्या पोलादाचा कर्र कर्र आवाज सगळ्या कुरणात घुमत होता.

सर्वांत कठीण होते थांबणे. दर चार मिनिटांनी वाल्बुर्गाला कळ येई आणि मग गाडी जराही हलता कामा नये. नोटबुर्गा माझ्या कडा काचेत रुतवून, पाठीने गाडी तोलून उभी राही. तिच्या मांड्या थरथरत, ती थरथर माझ्या टोकापर्यंत येई. तरी तिचा आवाज शांत असे. "श्वास घे. सोड. अजून एक. शाब्बास. डोंगर कुठं पळून जात नाही."

कुरणाच्या खाली अरुंद घळ लागली. घळीच्या मधोमध निळा बर्फ होता. काचेतही निळी काच सर्वांत वाईट, कारण तिच्यात धारसुद्धा जेमतेम शिरते.

"मधून गेलं तर लवकर पोचू," ब्लासिउस मागून म्हणाला.

"आणि कायमचे पोचू. कडेनं चल. झुडपांजवळ बघ, पांढरं, खरखरीत आहे. वळायचं तर तिथंच वळायचं. निळ्यावर फक्त सरळ उभं राहून सरकायचं, काही करायचं नाही."

वळण झुडपांजवळ घेतले, पण पलीकडे जायला निळ्याचा दहा हातांचा पट्टा ओलांडावाच लागला. मध्यावर माझी उजवी फळी गोठलेल्या खाचेवर आदळली. एक पट्टी तिच्या स्क्रूंसकट उडाली. तेवढी जागा उघडी पडली आणि मी सुटले. गाडी तिच्या पाठीवर आली. मागे ब्लासिउस दोरासह ओढला जाऊन पालथा पडला.

"धरा! बाई, धरा!"

तिला डोंगराकडे झुकावेसे वाटले असणार. कुणालाही वाटले असते. पण ती दरीकडे झुकली. समोर खोल घळ, पाठीवर गाडी, आणि तिने सगळा भार खालच्या डाव्या फळीवर टाकला. त्या फळीच्या पट्ट्या शाबूत होत्या. मी काचेत दात रोवले. एक हात घसरलो, दीड हात, दोन... आणि थांबलो.



"ब्लासिउस," नोटबुर्गा म्हणाली, "झोप झाली असेल तर उठ."

गाडीवरून वाल्बुर्गा हसली आणि हसता हसताच तिला पुढची कळ आली.

उरलेली वाट लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या झाडीतून होती. तिथे सावलीत जुना, भरड बर्फ टिकला होता. दीड वाजता आम्ही रस्त्याला लागलो. टपालाची गाडी उभी होती. चालकाने पिशव्या उतरवल्या आणि वाल्बुर्गाला आत घेतले. नोटबुर्गाही बरोबर गेली. मी रस्त्याच्या कडेला बर्फात खोचलेली राहिले, माझी एक पट्टी कमी.

संध्याकाळी दवाखान्यात पोट चिरून मुलगी काढली. दोघी वाचल्या. पंधरा दिवसांनी वाल्बुर्गा बाळ दाखवायला आली.

"सुईणबाई, तुमचंच नाव ठेवायचं म्हणत होतो," ती म्हणाली, "पण यांना फार जुनाट वाटतं हो. वेरोनिका ठेवलंय."

"बरं केलंत," नोटबुर्गा म्हणाली. "या नावानं मलाही कुठं सुख दिलंय!"

फायटसने मला नवी पट्टी बसवली. पुढे अठरा हिवाळे मी तिच्या पायांत होते. मग डोंगरावर रस्ते झाले, बायका दवाखान्यात जाऊ लागल्या, रंगीत नव्या स्की आल्या. नोटबुर्गा गेल्यावर तिच्या भाच्याने मला सामानाच्या खोलीत टाकले. तिथून मी या खाणावळीत आले. मालकाने माझ्या छातीत दोन भोके पाडून मला भिंतीवर ठोकले आणि वरून चकचकीत रंग मारला. त्या रंगाखाली माझ्या कडा बंद झाल्या आहेत. याचे मला वाईट वाटते, पण माझे काम करून झाले आहे.

मित्रांनो, मला खाली उतरवा असे मी म्हणत नाही. माझी विनंती वेगळी आहे. दुपारी पोरेसोरे उतारावरून येतात, आपल्या नव्या स्की दाराबाहेर ढिगात फेकतात आणि हात चोळत आत पळतात. त्या ओल्या ढिगाकडे इथून मला बघवत नाही. उद्या सकाळी उतार कसा असेल, कुणाची हाक येईल, हे आज कुणालाच माहीत नसते. ज्या वस्तूवर तुम्ही जीव सोपवून उभे राहणार आहात, तिला आधी कोरडे करा, तिची धार पाहा, मग जेवायला बसा. सूप गार झाले तर परत गरम करून मिळते. बोथट झालेली धार ऐन उतारावर लावून मिळत नाही.