विचारेल त्याला हो म्हणा

तिसरा फ्लॅटही हातचा गेला तेव्हा तनुजाला राग आला नाही, नुसता थकवा आला. रागवायला अंगात थोडी ताकद लागते. हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये दीड तास ट्रॅफिककडे बघत बसून आलेल्या बाईकडे ती संध्याकाळी साडेसातला कुठून शिल्लक असणार?

तिन्ही वेळा गोष्ट अगदी तशीच घडली होती. एजंट सुदर्शन आधी मालकांशी बोलायचा. मालक खूश. नोकरीवाली बाई, सोबत म्हातारे वडील, पार्ट्या नाहीत, कुत्रं नाही, यापेक्षा बरा भाडेकरू कुठे मिळायचा? "मॅडमना म्हणावं एकदा फोन करा," असं सांगायचे. तनुजा फोन करायची. कधी तो उचललाच जायचा नाही, कधी उचलून मालक म्हणायचे, "अहो, कालच दुसऱ्यांना शब्द दिला हो." आणि पुढच्या आठवड्यात तोच फ्लॅट जाहिरातीत पुन्हा हजर. पुणेकर तोंडावर नाही म्हणायला कचरत नाही, अशी आपली ख्याती आहे. पण काही नकार असे असतात की तिथे पुणेकरसुद्धा भलताच सभ्य होतो.

तिला घर हवं होतं ते लिफ्टसाठी. बाप-लेक दापोडीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते आणि त्या इमारतीला जिना सोडून काही नव्हतं. वडिलांच्या, धोंडिबा जाधवांच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ठरलं होतं. "त्यानंतर सहा महिने जिना विसरा," डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे वीस तारखेच्या आत लिफ्टचं घर मिळालं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकला. ते दोनदा ढकलून झालं होतं, आणि धोंडिबा आता जिना बसून उतरायचे, एकेक पायरी, लहान मुलासारखे.

जात विचारतील हे तिला काही नवीन नव्हतं. सरळ कोण विचारतं? "जाधव म्हणजे कुठले?" असं विचारतात. त्यावर तिचं उत्तर तयार असायचं, "फलटणकडचे." प्रश्न गावाचा नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. फलटण खोटं नव्हतं, आजोबा तिथलेच. गावाच्या कोणत्या अंगाचे, तेवढं ती सांगायची नाही. खोटं न बोलता गप्प कसं राहावं, हे ती अडतिसाव्या वर्षापर्यंत चांगलं शिकली होती आणि त्याचा तिला मनापासून वीट आला होता.

पण यावेळी तर कुणी काही विचारतच नव्हतं.

उलगडा सुदर्शननेच केला. शनिवारी बावधनला चौथा फ्लॅट दाखवून खाली आल्यावर तो लिफ्टपाशी घुटमळला. लिफ्ट मोठी होती, व्हीलचेअर जाईल एवढी. तनुजाने दार दोनदा उघडून पाहिलं होतं.

"मॅडम, एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका."

"बोला की."

"तुमचा नंबर माझ्याकडे सेव्ह आहे, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नाही. परवा तुमचा कॉल माझ्या दुसऱ्या फोनवर आला. त्याच्यात ते नाव दाखवणारं ॲप आहे, लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे नाव सेव्ह केलंय तेच उचलून दाखवतं. लावा बरं कॉल."

तिने लावला. सुदर्शनच्या हातातला फोन थरथरला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं: तनुजा इंजिनिअर बुद्धविहार.

"मला काही प्रॉब्लेम नाही हां, मॅडम," सुदर्शन घाईघाईने म्हणाला. हे वाक्य तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला खरा कोण आणि खोटा कोण हे ती आता बघायच्या भानगडीत पडत नसे. हा बिचारा बहुधा खरा होता. "ते नाव बदलता येतं म्हणे. बदला, आणि मग उद्या संध्याकाळी मालकांना फोन करा. वाट बघतायत ते."

घरी जाताना रिक्षात तनुजाला एकदा हसूही आलं. तिच्या कंपनीत तिचं कामच हे होतं. ॲप सुरू झाल्यावर जी खिडकी उघडते, 'तुमचे संपर्क पाहू का, जागा पाहू का, माइक ऐकू का', ती नीट चालते की नाही हे ती तपासायची. 'परवानगी द्या' हे बटण ठळक हवं आणि 'नको' फिकट, म्हणजे माणूस अडत नाही, असा शेरा तिनेच एकदा लिहिला होता. साहेबांनी शाबासकी दिली होती. स्वतःच्या फोनमध्ये मात्र तिने कधी कुणाला काही पाहू दिलं नाही. कुलपं सगळी हिच्या दाराला, आणि नाव गेलं ते दुसऱ्याच्या दारातून.

कुणाच्या, ते तिला कळून चुकलं होतं.

रविवारी संध्याकाळी धोंडिबा खाटेवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. तिने त्यांचा फोन मागून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बॅटरीच्या उजेडाच्या ॲपला संपर्क दिसत होते, पंचांगाच्या ॲपला माइक ऐकू येत होता, आणि नाव दाखवणाऱ्या ॲपला तर सगळंच खुलं होतं. संपर्कांची यादी धोंडिबांच्या स्वभावासारखी, प्रत्येकजण कामानिशी: 'संभाजी प्लंबर', 'डोळ्याचे डॉक्टर', 'महिपती कारखाना खडकी'. आणि त्यातच 'तनुजा इंजिनिअर बुद्धविहार'.

"बाबा, हे सगळ्याला हो कशाला म्हणत बसलात तुम्ही?"

"तूच म्हणालीस," धोंडिबांनी मान वर न करता सांगितलं. "नवा फोन घेतला तेव्हा. मी ऑफिसात फोन करून विचारायचो, हे काय विचारतंय, ते काय विचारतंय. तू म्हणालीस, बाबा, माझी मीटिंग चालू असते, ते विचारेल त्याला हो म्हणा."

तनुजाला तो दिवस लख्ख आठवला. त्या दिवशी त्यांनी पाचव्यांदा फोन केला होता आणि ती वैतागून ओरडली होती.

"आणि माझं नाव असं का लिहिलंय?"

"मग कसं लिहू? नुसतं तनुजा लिहिलं तर कुणाला काय कळणार? विहारातल्या पोरांना ॲडमिशनचं विचारायचं असतं. मी तुझ्या नंबरचं कार्ड विहाराच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी तसंच सेव्ह केलं." ते थोडे खुलले. "आपल्या विहारातली पहिली इंजिनिअर आहेस तू. लिहायला नको?"

एकेक करून तिने त्यांच्या फोनमधल्या परवानग्या बंद केल्या. मग स्वतःच्या फोनवर त्या ॲपचं पान काढलं. 'हा नंबर तुमचा आहे का? नाव दुरुस्त करा.' तिने 'तनुजा जाधव' लिहिलं. खाली हिरवं बटण आलं, चांगलं ठळक, तिच्याच शेऱ्याबरहुकूम.

"नाव बदलतेस?" धोंडिबांनी विचारलं.

म्हातारा गुडघ्यांनी गेला होता, डोळ्यांनी नव्हे. तिने मग सगळं सांगितलं, तीन फ्लॅटचं, सुदर्शनचं, लिफ्टचं. आवाज न चढवता सांगितलं, कारण चढवायला काही उरलं नव्हतं.

धोंडिबांनी तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली. "चौऱ्याऐंशी साली खोली घेतली तेव्हा मालकीण रोज काहीतरी निमित्त काढून आत यायची. बाबासाहेबांचा फोटो सहा महिने पेटीत होता, तुझ्या आईच्या साड्यांखाली. तुझी आई दर रविवारी पेटी उघडून बघायची आणि परत लावायची." त्यांनी तेलकट हात पंचाला पुसले. "पण तेव्हा निदान तोंडावर विचारायचे. खोटं बोलायची तरी सोय होती. आता विचारतसुद्धा नाहीत होय?"

"नाही विचारत."

"मग बदल बाई. माझं काय, घर मिळाल्याशी मतलब." पण हे म्हणताना त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि ते तनुजाला सहन झालं नाही.

ती बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"जय भीम ताई. बुद्धविहारवाल्या तनुजा इंजिनिअर ना तुम्ही?" बाईचा आवाज धापा टाकत होता. "मी शालन बोलते, बोपोडीची. माझ्या सृष्टीला कॉलेजांची यादी भरायचीये, आज शेवटचा दिवस आहे, आणि आम्हाला घरात त्यातलं कुणालाच काही कळत नाही. विहाराच्या ग्रुपवर तुमचं नाव दिसलं म्हणून धीर केला."

तनुजाने डोळे मिटले. आठवडाभराच्या थकव्याने डोकं जड झालं होतं आणि नेमकं आत्ताच तिला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

"जय भीम," ती म्हणाली. "हो, मीच. मार्क किती आहेत?"

वीस मिनिटं गेली. कोणतं कॉलेज वर, कोणतं खाली, हे तिने दोनदा सांगितलं, सृष्टीकडून परत वाचून घेतलं. फोन ठेवला तेव्हा ते पान तसंच उघडं होतं आणि बटण तसंच हिरवं. तिने बटण न दाबता पान बंद केलं. फार मोठा विचार केला असं नाही. फलटणकडचे, फलटणकडचे म्हणून ती थकली होती, एवढंच.

मग तिने बावधनच्या मालकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. घंटा जायला लागली. धोंडिबा पुढे वाकले, दुखरे पाय खाली सोडून. घंटा जात राहिली, जात राहिली आणि बंद झाली.

"उचलत नाहीत?"

"नाव वाचतायत, बाबा."

धोंडिबांनी उशी पाठीशी घेतली आणि ते सावकाश टेकून बसले.

"नीट वाचू दे त्यांना," ते म्हणाले. "परत लाव."

तनुजाने परत लावला.