तीन बास्केट मागं

"...तर त्या वावटळीनं डुक्कर उचललं, आणि थेट शेजारच्या जिल्ह्याच्या जत्रेत नेऊन ठेवलं," व्हर्लिन स्टकी माइकमध्ये सांगत होता. "आणि मंडळी, दुसऱ्या दिवशी माझा चुलता हुडकत हुडकत तिथं पोचतो तर काय, डुकराच्या गळ्यात पहिल्या नंबरची निळी फीत!"

स्वतःच्याच गोष्टीवर खदखदून हसत त्यानं मान वर केली, आणि त्याचं हसू घशातच राहिलं. डुक्कर उडालं तेव्हा हॅमर्ली कॉलेजच्या पोरींचे चौदा गुण झाले होते. डुक्कर खाली उतरेपर्यंत तेवीस.

"कुणी टाकले गं?" माइकवर पंजा ठेवून त्यानं शेजारी बसलेल्या मर्नाला विचारलं. रेडिओ स्टेशन मर्नाच्या मालकीचं. वडलांमागं तीच चालवायची, आणि मॅचला यंत्राची पेटी घेऊन स्वतः यायची.

"मला काय विचारतोस? मी डुकराचं ऐकत होते," मर्ना म्हणाली. तेवढ्यात आणखी दोन गुण झाले.

व्हर्लिनचे केस काळे होते तेव्हापासून हिवाळाभर हॅमर्लीच्या बास्केटबॉलच्या मॅचेस तो रेडिओवर सांगायचा. दिवसा धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं घ्यायची, संध्याकाळी कोट झटकून माइकपुढं बसायचं. पूर्वीचा खेळ कसा, सावकाश. पोरी चेंडू एकमेकींना देत राहायच्या, लग्नात पंगतीला वाढपी फिरावेत तशा. तेवढ्यात व्हर्लिन कुणाचा वाढदिवस सांगून घ्यायचा, कुणाची गाय व्याली ते सांगायचा, मग एक फर्मास थाप मारायचा, आणि तरी चेंडू अजून वाटेतच असायचा. आयोवातल्या त्या सगळ्या मुलखात गोठ्यागोठ्यात त्याचा आवाज लागायचा. गाई त्याच्या आवाजावर जास्त दूध देतात असं लोक म्हणायचे. आता ते खरं की खोटं, हे गाईंनाच विचारायला हवं.

यंदा कोच बेव्ह आली. तिशीची बाई, शिट्टी दातांत धरूनच झोपत असावी. तिनं पंधरा पोरींच्या तीन टोळ्या केल्या. पाच जणी मैदानात जायच्या, जीव खाऊन पळायच्या, मिनिटभरात बाहेर. लगेच दुसऱ्या पाच आत. चेंडू हातात आला की रिंगकडं फेकायचा, विचार करायचा नाही. समोरच्या पोरी दमून कंबरेवर हात ठेवून उभ्या, आणि ह्या पुन्हा ताज्यातवान्या. थंडी नीट पडायच्या आत हॅमर्लीनं एकामागून एक मॅचेस मारल्या. न्हाव्यानं दुकानाच्या काचेवर कोचचं नाव रंगवलं. पाद्रीबाबांनी रविवारचं प्रवचन आखडतं घेतलं. सगळं गाव जिंकत होतं. एकटा व्हर्लिन हरत होता. एका पोरीचं आडनाव पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत ती बाकावर जाऊन पाणी प्यायला लागलेली असायची.

रविवारी चर्चमधून तो परस्पर ऑर्विन टॅगार्टकडं गेला. शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर कोठारात धान्याची धूळ गिळली, आता फुप्फुसांनी हात टेकले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग, उशाशी खुर्ची, खुर्चीवर रेडिओ. त्याची नात डार्ला हॅमर्लीच्या तिसऱ्या टोळीत होती.

व्हर्लिननं टोपी काढली. ऑर्विननं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"डार्लाचं नाव घेतलं नाहीस तू."

"कधी?"

"परवा. बास्केट टाकलं तिनं. कॉलेजातलं पहिलं."

"डार्लानं? अरे, मला तर..."

"तिथं तू होतास का मी होतो, गाढवा?" ऑर्विनला दम लागला. तो थांबला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत राहिला. "दोन तास कान लावून पडलो होतो. तू त्या उंच पोरीचं सांगत होतास. ते झालं की मागच्या कुणाचं तरी. मॅच संपून लोक घरी गेले असतील, तरी तुझं अजून चालूच."

"फार पळतात रे. डोळे पुरत नाहीत."

"पोरीचा फोन आला. आजोबा, ऐकलंत का म्हणाली. मी म्हटलं, ऐकलं ना बाळा, चांगलं ऐकलं." ऑर्विननं तोंड खिडकीकडं वळवलं. "मरायला टेकलोय, आणि तुझ्यापायी नातीशी खोटं बोललो."

त्याची बायको इनेझ कॉफी घेऊन आली. व्हर्लिननं ती संपवली आणि टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मर्नानं त्याला गाठलं. त्याच्यापुढं सफरचंदाची पेस्ट्री ठेवायला लावली, तेव्हाच व्हर्लिन समजला की काहीतरी वाईट आहे. मर्ना फुकट काही खाऊ घालणारी नव्हे.

"लोक तक्रार करतात रे."

"लोक कायम करतात."

"पूर्वी गोष्टी कमी पडल्या म्हणून करायचे. आता मॅच कळत नाही म्हणून करतात." तिनं काट्यानं त्याच्याच पेस्ट्रीचा तुकडा मोडला. "मी डॉयल क्रेब्सला विचारलंय."

"डुकरांचा लिलाव करतो तो?"

"त्याची जीभ ऐकलीयस ना? मधे श्वास घेतो की नाही, देव जाणे."

ऐकली होती. डॉयल लिलावाला उभा राहिला की एका दमात अर्धा कळप विकायचा. एकदा त्याला शिंक आली, तर तेवढ्यात एका शेतकऱ्याच्या गळ्यात सहा डुकरं पडली, असं सांगायचे.

"गुरुवारी तूच बस," मर्ना म्हणाली. "पोरींच्या वेगाबरोबर राहिलास तर खुर्ची तुझी. पण थापा नाहीत. डुक्कर तर अजिबात नको."

"डुक्कर नको म्हणतेस, आणि डुकरवाल्याला आणतेस."

मर्नाला हसू आलं, पण तिनं बोललेलं मागं घेतलं नाही.

तीन दिवस व्हर्लिननं तयारी केली. गाडी चालवताना रस्त्याकडेच्या पाट्या भराभर वाचायच्या: अंडी, ताजी अंडी, चर्च, वळण, भोपळे, कुत्र्यापासून सावध. कोठारावर ट्रक आला की ड्रायव्हरचं नाव, गाडीचा रंग, मक्याचं वजन, सगळं एका श्वासात. ड्रायव्हर घाबरून टोप्या काढायला लागले. घरी मध घालून कढत पाणी प्यायचा, आणि आरशापुढं उभा राहून पंधरा पोरींची नावं घोकायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं हसायलाही कुणी नव्हतं.

गुरुवारी हॉल खच्चून भरला होता. शिट्टी वाजली आणि व्हर्लिन सुटला. चेंडू गेला की जीभ गेली, चेंडू पडला की नाव पडलं. हाफटाइमला मर्नानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मेल्या, हे एवढी वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंस?" व्हर्लिनचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या अर्ध्यात तिसरी टोळी पुन्हा आत आली.

"...आणि डार्ला टॅगार्ट मैदानात, बॅरो रस्त्यावरच्या ऑर्विन आणि इनेझची नात," एवढं म्हणेपर्यंत दोन बास्केट होऊन गेली. तो ती पकडायला धावला. तिसरंही झालं. तेवढ्यात घंटा, आणि पाचही जणी बाहेर. डार्लाच्या हाताला चेंडू लागला नव्हता. निदान व्हर्लिननं तो लागलेला पाहिला नव्हता.

नव्या पाच जणी घोड्यांसारख्या उधळल्या. व्हर्लिन गप्प बसला. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते मर्नाला विचारा. ती अर्धी उठली.

व्हर्लिन बाकाकडं बघत होता.

"डार्ला टॅगार्ट बाकावर बसलीय," तो म्हणाला. त्याचा नेहमीचा, सावकाश आवाज. "टॉवेल डोक्यावर घेतलाय तिनं. सगळं तोंड झाकलंय. आता एका कोपऱ्यातनं बघतेय. बुटाची नाडी सुटलीय, तिला ठाऊक नाही. शेजारच्या पोरीनं सांगितलं. बांधतेय."

हॉल ओरडत होता. कुणीतरी बास्केट टाकलं होतं.

"व्हर्लिन, गुण!" मर्ना कुजबुजली.

"पाणी प्यायली. अर्धं अंगावर सांडलं. मुठीनं गुडघ्यावर मारतेय, एक, दोन, एक, दोन. वाट बघतेय."

मर्नानं त्याच्या पायावर पाय दिला. तिकडं स्टेशनात फोन उचलणाऱ्या पोरीला लोकांनी जीव नकोसा केला होता. गुण किती झाले? पुढं कोण आहे? हा म्हातारा कुणाच्या नाड्या सांगतोय?

डार्ला पुन्हा आत गेली. आता व्हर्लिनला चेंडू दिसतच नव्हता, एकटी पोर दिसत होती. समोरच्या, तिच्याहून हातभर उंच पोरीला ती कशी भिडली, कोपर लागून कशी पडली, कशी उठली आणि पडल्याचं कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं कशी बघत राहिली, ते सगळं त्यानं सांगितलं. मग तिला चेंडू मिळाला. तिनं फेकला.

साऱ्या जिल्ह्यात थापाड्या म्हणून नाव झालेला माणूस. एक शब्द बदलला असता तर कुणाला कळणार होतं? हॉलचा गोंगाट तर आयता होता.

"हुकला," व्हर्लिन म्हणाला.

पुढच्या खेपेला तिनं पुन्हा फेकला. तोही हुकला. त्यानं तसंच सांगितलं.

मॅच संपल्यावर मर्ना वायरी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी डॉयलला कळवते."

"हो," व्हर्लिन म्हणाला, आणि पेटीचं एक कडं धरून ती मर्नाबरोबर गाडीपर्यंत नेऊ लागला.

सकाळी तो ऑर्विनकडं गेला. इनेझनं दार उघडलं आणि एकदम त्याचा हात धरला.

ऑर्विन उशीवर वर सरकून बसला होता. "काय रे, जिंकलं कोण?"

व्हर्लिन टोपी फिरवत राहिला. "मलाही नीटसं ठाऊक नाही."

ऑर्विन हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता चेहरा निळा पडला. इनेझनं धावत येऊन पाठ चोळली. शांत झाल्यावर तो म्हणाला, "टॉवेल घेते ना डोक्यावर? तिचा बाप असंच करायचा." मग थोड्या वेळानं, "दोन्ही हुकले?"

"दोन्ही."

"जवळनं?"

"पहिला जवळनं. दुसरा कुठंच्या कुठं गेला."

"एखादा पडला म्हणाला असतास तर?"

"तुला पुन्हा तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं."

ऑर्विननं डोळे मिटले. "पहाटेच फोन आला होता. आजोबा, वाईट खेळले मी, म्हणाली. म्हटलं, ठाऊक आहे बाळा. पडल्यावर मात्र झटकन उठलीस." त्यानं पांघरूण वर ओढलं. "ती अगदी गप्पच झाली रे."

आठवडा उलटायच्या आत ऑर्विन गेला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. डार्ला काळ्या कोटात उभी होती, आणि कोचच्या बाकीच्या चौदा पोरी तिच्यामागं गोठून उभ्या होत्या. त्या दिवशी कुणी पळत नव्हतं.

डॉयल क्रेब्सनं गाव जिंकलं. चेंडू पडला की तो सवयीनं "विकलं!" म्हणून ओरडायचा, आणि लोक एवढे खूष, की हॉलमध्येही पोरंटोरं "विकलं!" म्हणून ओरडायला लागली. मर्नाला जाहिराती आवरेनात. व्हर्लिनला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण डॉयल काही चुकत नव्हता. गुण बरोबर, नावं बरोबर.

पुढच्या घरच्या मॅचला व्हर्लिन गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो लोकांत, लाकडी बाकावर बसला होता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले. शेजारी दुसऱ्या गावची एक जाडजूड बाई, हिरवी लोकरी टोपी घालून घसा फोडून ओरडत होती. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तिसरी टोळी आत आली. डार्लावर नजर ठेवून व्हर्लिन पुढं वाकला. त्याचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ, सावकाश.

बाईनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. म्हातारा देवाचं काहीतरी म्हणतोय, असं तिला वाटलं असावं. ती ओरडायची थांबली. तिनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, मान खाली घातली, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला तरी, त्याचे ओठ थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली.