वस्तीची माणसं एक्केचाळीस

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना इंटरनेटचा भारी तिटकारा. पण वरच्या साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, "तुमची लसीची वही घरी ठेवा. वेबसाइटवरचा सरकारी आकडा आणा. टेकडीवरच्या वस्तीत तीन हजार माणसं दिसली तर तिथला दवाखाना राहील, नाहीतर महिनाअखेर कुलूप." आता बोला! एकवीस वर्षं ज्या बाईनं त्या वस्तीत दारोदार जाऊन पोरांना सुया टोचल्या, तिच्या शब्दाला काडीची किंमत नाही.

रविवारी दुपारी लेक फोन घेऊन शेजारी बसली. पहिल्या साइटनं पैसे मागितले, दुसरी उघडेचना. "फुकटच असतं गं आई, फक्त दडवून ठेवलेलं असतं," लेक म्हणाली. शहराचा आकडा मिळाला, वॉर्डाचा मिळाला, वस्तीचा काही केल्या हाती लागेना. सिस्टरचे यजमान, रिटायर झालेले मास्तर, समोर पेपरात डोकं घालून बसले होते. एरवी सतरा सूचना करणारा माणूस, आज चकार शब्द नाही.

शेवटी एक भलामोठा तक्ता उघडला. बोट सरकवत सरकवत लेक वस्तीच्या ओळीवर आली आणि तिनं आकडा बोटानं मोठा केला.

"किती गं?"

"एक्केचाळीस."

"हजार?"

"नाही गं, नुसतेच एक्केचाळीस. आणि बंद घरं सहाशे बारा."

सिस्टर हसल्याच. अहो, एक्केचाळीस पोरं तर गेल्या आठवड्यात गोवराच्या सुईला रांगेत होती! घरं बंद म्हणे. गिरणी कामगारांची वस्ती ती, नवराबायको दोघंही दिवसभर कामावर, दाराला कुलूप नाहीतर काय असणार? "कोण मेला भरदुपारी मोजायला गेला होता?" त्या कडाडल्या.

पेपर खाली आला. "मी," मास्तर म्हणाले. "शाळेनं जनगणनेच्या कामाला लावलं होतं ना, तेव्हा. कुलूप दिसलं तर संध्याकाळी पुन्हा जायचं असतं. मी एकदाच गेलो."

"खोटं. महिनाभर रोज संध्याकाळी जात होतात तुम्ही. मी डबा भरून देत होते."

"पत्ते खेळायला जात होतो," मास्तर म्हणाले. त्यांना मान वर करवेना. लेक उठून आत गेली.

सोमवारी सिस्टरनी साहेबांना सांगितलं की आकडा साफ खोटा आहे, मोजणारा धड फिरलाच नाही. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "नावासकट लेखी द्या. त्याची चौकशी लावतो, आणि ती संपेपर्यंत दवाखाना हलू देत नाही."

नाव! तीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचं नाव. सिस्टरनी पेन उघडलं. मग टोपण लावून त्या उठल्या. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

महिनाअखेर औषधांची खोकी टेम्पोत चढत होती. आठव्या महिन्यातली एक बाई धापा टाकत दारात आली. तिची पहिली दोन्ही बाळंतपणं सिस्टरच्याच हातची.

"आता मी कुठं जाऊ हो, सिस्टर? म्हणे वस्तीत माणसंच नाहीत. आम्हाला मोजायला कुणी आलंच नव्हतं का?"

"आलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घरी नव्हता."