घासलेली खाच

कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आतला पंखा फिरला, पण पडदा काळा तो काळाच राहिला. तिने परत दाबून पाहिलं. तेच. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

घरी बसून छपाईसाठी पुस्तकांची पानं लावून द्यायची हा तिचा धंदा, आणि त्यासाठी हे एकच म्हातारं मशीन. सध्या भूगोलाचं जाडजूड पुस्तक हातात होतं, पानोपानी नकाशे. नकाशा उघडला की कॉम्प्युटरचं घोडं अडायचं आणि ती हनुवटीला हात लावून ते गोल चक्र बघत बसायची. आज संध्याकाळपर्यंत काम गेलं नाही तर पुढची पुस्तकं दुसरीकडे जातील, हे प्रकाशकाने गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. मेमरी वाढवली की सुटशील, असं जो तो सांगत होता. पण दुकानात जायला वेळ कुणाला? सकाळी वडील म्हणाले, मी आणतो. तिने नुसती मान हलवली. नाही म्हणायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

वडील किल्लीवाले. उभा जन्म कुलपांशी झटण्यात गेला. टपरी बंद झाली तरी हातातली कानस काही सुटली नव्हती. घरात काही अडकलं की डोळा बारीक करून बघायचं आणि घासायला घ्यायचं. दाराची कडी झाली, डब्याचं झाकण झालं, एकदा तिच्या चष्म्याची दांडीसुद्धा झाली. चष्मा अजून नाकावर वाकडाच बसतो.

दुपारी मशीन बंद करून ती जरा आडवी झाली होती. उठली ती हे बघायला.

तिने बाजूचं झाकण काढलं. मेमरीची जुनी पट्टी जागेवर होती, आणि शेजारच्या रिकाम्या खोबणीत नवी पट्टी, किंचित तिरकी. ती उपसून तिने हातात धरली. लांबी जुन्या पट्टीइतकीच, रंगही तोच. फक्त खालच्या सोनेरी दातांमधली खाच थोडी सरकलेली. ही पुढच्या पिढीची मेमरी; जुन्या मदरबोर्डात चुकूनही बसू नये म्हणून तर तिची खाच सरकवलेली असते. आणि त्या खाचेची एक कड नुकतीच घासून रुंद केलेली होती. अगदी सफाईने.

तिने डोक्याला हात लावला. मग जुनी पट्टी तेवढी राहू देऊन, डोळे मिटून, बटण दाबलं. पडदा उजळला. बोर्ड जळाला नव्हता. तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही कंटाळा आला.

वडील स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, पाठ करून.

"बाबा, नमुना हातात नसताना तुम्ही कधी किल्ली केलीत?" तिने विचारलं.

गिऱ्हाईक तोंडी वर्णन करू लागलं की ते त्याला घरी पिटाळायचे, जुनी किल्ली घेऊन ये म्हणून. ते म्हणाले, "कधीच नाही."

"मग जुनी पट्टी दुकानात का नाही नेलीत?"

"ती काढली असती तर तुझं काम थांबलं असतं." ते भिंतीकडेच बघत होते. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा डोळ्यानेच माप घेतलं."

"आणि ती बसत नाही हे कळल्यावर?"

"तू झोपली होतीस. किती दिवसांनी झोपली होतीस. म्हटलं, उठशील तेव्हा चालू असावं."

आतल्या आत ती केव्हाची तक्रारींचा जो पाढा जुळवत होती, तो तिने सोडून दिला. तिने प्रकाशकाला फोन केला आणि आज होणार नाही, उद्या देते, असं सांगितलं. तो काय म्हणतो ते ऐकून घेतलं आणि बरं म्हणून फोन ठेवला. पुढची पुस्तकं गेली. मग तिने मशीन बंद केलं, जुनी पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि वडिलांच्या हातावर ठेवली.

"हा नमुना. आता आणा."

"अगं, पण तुझं काम?"

"राहू दे थांबलेलं. मी परत झोपते."

ते उठले, चपला घातल्या. दारापर्यंत जाऊन परत आले आणि खिशातली बारीक कानस त्यांनी तिच्यापुढे ठेवली. ती कानस त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती.