उजव्या हाताची बोटं

मानेच्या सहाव्या पातळीला मज्जारज्जूला इजा झाली की काय उरतं आणि काय जातं, हे रंगाऱ्याला पहिल्या पंधरवड्यातच नीट समजलं होतं. खांदे उरतात. कोपर वाकवता येतं, पण सरळ करायला हात खाली सोडून द्यावा लागतो. मनगट वर उचलता येतं. बोटं जातात, आणि छातीखालचं सगळंच जातं. परांचीवरून पडला तेव्हा त्याच्या हातात ब्रश होता. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी ब्रशचीच चौकशी केली, असं आई सांगायची. त्याला ते आठवत नव्हतं.

पुनर्वसनाच्या वॉर्डात आला त्या दिवशी थेरपीवाल्या ताईंनी त्याचा उजवा हात हातात घेऊन त्याला एक गोष्ट समजावली. आई तेव्हा खाली खिडकीवर फॉर्म भरायला गेली होती. मनगट वर उचललं की तळहाताच्या बाजूचे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप मिटतात. बोटांत जोर नसला तरी चालतं. स्नायुबंध थोडे आखूड राहिले, तर त्या मिटण्यावर पेला धरता येतो, चमचा धरता येतो.

"म्हणून बोटं आखडू द्यायची," ताई म्हणाल्या. "मनगट वर असताना कुणीही ती सरळ करायची नाहीत. घरच्यांनाही सांगून ठेवा, दादा."

तो हो म्हणाला. विश्वास मात्र बसला नाही. दोरी ओढली की मान हलवणारं खेळणं असतं, तसला हात घेऊन काय करायचं, असं त्याला वाटलं.

आई वर आली आणि स्टुलावर बसली. खाटेची डावी बाजू भिंतीला टेकलेली होती, म्हणून स्टूल उजवीकडे. तिला तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायला दोन वॉर्डबॉय यायचे. लघवीची नळी नर्स बघायची. घास भरवायलाही बंदी होती, कारण तळहाताला पट्टा बांधून त्यात चमचा खोचून द्यायचे आणि त्याचं त्याला खाऊ द्यायचे, अर्धं सांडलं तरी. तिसेक वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिलेली बाई हात मांडीवर ठेवून बसून राहायची.

चौथ्या दिवशी तिने त्याचा उजवा हात उचलला. आत वळलेली बोटं तिला बघवत नव्हती. मनगट मागे रेटून, तळवा गुडघ्यावर टेकवून, तिने करंगळीपासून एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत सपाट केलं. शर्टाची कॉलर बसवावी तसं. अंगठा तिने शेवटी ठेवला.

त्याला करंगळी कळली नाही, मधलं बोट कळलं नाही. अंगठा कळला. आईचा हात गरम आणि खरखरीत होता.

सोड म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. ती निघाल्यावर त्याने ठरवलं, उद्या सांगू.

मग ते रोजचं झालं. दुपारी चार वाजता ती करंगळीपासून सुरुवात करायची आणि तो अंगठ्याची वाट बघत पडून राहायचा. शेजारच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर म्हणायचा, "मावशी, इस्त्री झाली असेल तर आता घडी घालून कपाटात ठेवा याला." आई हसायची. वॉर्डात ती हसायची ती तेवढीच.

बावीस खाटांना थेरपिस्ट एकच. पुढचे दोन महिने त्याचे खांदे, श्वास आणि चक्कर न येता बसणं यातच गेले. हातांची पाळी त्यानंतर आली.

ताईंनी समोरच्या फळीवर प्लास्टिकचा रिकामा पेला ठेवला. आधी डावा हात. त्याने मनगट उचललं, तशी बोटं हळूहळू मिटत गेली आणि पेला त्यांच्यात आला. तो वर उचलला गेला. आपण हे करतोय, हे त्याला खरं वाटेना.

"आता त्यात चहा ओता," ड्रायव्हर म्हणाला.

मग उजवा. मनगट झकास वर आलं, डाव्यापेक्षाही जोरात. बोटं तशीच सैल लोंबत राहिली. पेला कलंडला आणि खाटेखाली गेला. ताईंनी तो तीनदा उचलून ठेवला. मग त्यांनी एकेक बोट हलवून पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं.

"इकडे कोण बसतं?"

"मी," आई म्हणाली. "रोज सरळ करते. आधी किती आखडली होती. आता बघा, कशी मोकळी झालीत."

ड्रायव्हरने तोंड दुसरीकडे फिरवलं. ताईंनी आवाज न चढवता, थोडक्यात समजावलं. आईचा चेहरा उतरत गेला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली. ताई आठवायला लागल्या, त्या दिवशी नेमकं कुणाला सांगितलं होतं.

तो गप्प राहिला असता तर निभलं असतं. बावीस खाटांमध्ये राहून गेलं असेल, असं ताईंनी स्वतःच मान्य केलं असतं.

"मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "आई खाली गेली होती तेव्हा."

आईने त्याच्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस, बाळा?"

"अंगठा कळतो मला," तो म्हणाला. "बाकी काही कळत नाही. तेवढा एक कळतो."

ताईंनी त्याच दिवशी उजव्या हाताची मूठ वळवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. अशी काही महिने ठेवायची. आखूडपणा थोडा परत येईल, कदाचित येणारही नाही. जेवायचा, लिहायचा, ब्रश धरायचा त्याचा हात तोच होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आई आली आणि स्टुलावर बसली. मूठ चादरीवर पडलेली होती, अंगठाही पट्टीच्या आत. थोड्या वेळाने ती चादरीच्या सुरकुत्या काढायला लागली. पायाकडून वर, तळव्याने दाबत, कमरेपर्यंत. मुठीपासून वीतभर अलीकडे तिचा हात थांबला. तिने तो उचलून मांडीवर ठेवला.