हिंगमिरे मॅडमचं अंतर

सोमवारी हिंगमिरे मॅडम खुर्चीवरून न उठता लांब गेल्या. उर्मिलाने विचारलं, "मॅडम, चहा सांगू का?" त्यांचे ओठ लगेच हलले, पण आवाज आला तो चहा येऊन, थंड होऊन, कप विसळून झाल्यावर. "सांग, पण बिनसाखरेचा."

विद्यापीठाच्या अंतराळ अभियांत्रिकी विभागात कोणी फारसं दचकलं नाही. विभागप्रमुख बर्गे सरांनी दोघींमधलं टेबल मोजून पाहिलं. ते होतं तेवढंच होतं. "मंगळाजवळच्या यानाशी बोलताना असंच होतं," ते म्हणाले. "मॅडमना यान समजा आणि कामाला लागा." पाटीवर लिहून घ्यायचा प्रयत्न झाला, तर अक्षरं संध्याकाळी उमटली. ओठांवरून अर्थ लावायला सरांनी साफ मनाई केली. अंदाजपंचे कारभार त्यांना मुळीच खपत नसे.

अंतर रोज वाढत होतं, आणि शुक्रवारी मॅडमच्या हाताखाली उर्मिलाने बांधलेल्या चांद्रगाडीची चाचणी होती. गाडी पोलादी टाकीत ठेवायची, दार लावायचं, आणि चंद्रावर असते तशी पोकळी होईपर्यंत पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मॅडमनी "चालू कर" म्हटल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, असा नियम. आता परवानगी यायची म्हणजे वरातीमागून घोडं. तोडगा उर्मिलानेच काढला. मॅडमनी सकाळीच "चालू कर" म्हणून ठेवायचं, म्हणजे ते दुपारी बरोबर पोचेल. सर खूश झाले. उर्मिलाही, खरं सांगायचं तर, जरा फुशारली.

शुक्रवारी दुपारी मॅडम टाकीच्या काचेच्या झरोक्यापाशी टेबल घेऊन बसल्या. उर्मिलाचा कामातला जोडीदार निनाद ढोबळे शेवटची तपासणी करत होता.

"निनाद, आत कोणी नाही ना?" दारापाशी येऊन तिने विचारलं.

"नाही, मी बाहेरच आहे," निनादचा आवाज आला.

आत डोकावून बघायची पद्धत होती. पण दोन वर्षांत निनाद तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, मग डोकावायचं कशाला? तिने चाक फिरवून दार घट्ट केलं. तेवढ्यात मॅडमचा सकाळचा आवाज खोलीत पोचला, ताजा आणि शांत. "चालू कर."

तिने बटण दाबलं. पंप घरघरू लागला.

मॅडम उठून उभ्या होत्या. दोन्ही हातांनी टेबल बडवत होत्या आणि कसलाच आवाज येत नव्हता. ओठांवर एकच शब्द पुन्हापुन्हा येत होता. मनाई असूनही उर्मिलाने तो वाचला. थांब.

ती झरोक्याकडे धावली. आत निनाद गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसून सुटलेली तार जागेवर बसवत होता, चिकटपट्टी दातात धरून. आत कोणी नाही ना, हे तिने त्याला सकाळीही विचारलं होतं. मघाचं उत्तर त्या प्रश्नाचं होतं. निनादही लांब गेला होता, आणि मुळात तो इतका कमी बोलायचा की कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. झरोक्याखालच्या, पंप थांबवायच्या लाल बटणावर तिने तळहात आपटला. बटण आत गेलं. पंप चालूच राहिला. दुसऱ्या हाताने तिने दाराचं चाक उलटं फिरवलं. चाक गरगर फिरलं, दार हललं नाही. "सर, वीज तोडा!" ती ओरडली, पण तिचा आवाज तिच्याच कानावर आला नाही. आता तीही लांब गेली होती, आणि सर मागच्या फळ्यावर आकडे मांडत राहिले.

टाकीवरचा काटा खाली घसरत होता.

निनादने मान वर केली. त्याने तिला पाहिलं, तिच्या तळव्याखाली दबलेलं लाल बटण पाहिलं, आणि त्याचा चेहरा निवळला. इथलं काम कसं चालतं, हे त्याला ठाऊक होतं. आज्ञा निघाली होती. आता वाट बघायची, दुसरं काय! तो काचेला टेकून मांडी घालून बसला, बेताबेताने श्वास घेऊ लागला, आणि हाताने तिला खुणावत राहिला, दाबून धर.

उर्मिलाने अंगातला सगळा भार बटणावर टाकला. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, विरली, आणि पुन्हा धरली, आधीपेक्षा लहान.